काटा

गाडीतला पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही, हे माहीत होतं का? टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, त्याला तारेचा एक दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्सची पट्टी. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आपण ऱ्हिओस्टॅट सरकवायचो ना, अगदी तोच प्रकार. पातळी खाली गेली की दांडा फिरतो, पट्टीवरचा कॉन्टॅक्ट सरकतो, रेझिस्टन्स बदलतो आणि समोरचा काटा हलतो. थोडक्यात काय, डॅशबोर्डवर दिसते ती पेट्रोलबद्दलची ऐकीव बातमी!

बाबांच्या बारा वर्षं जुन्या गाडीत ही बातमी खोटी निघाली.

पहिल्यांदा गाडी सिंहगड रोडवर बंद पडली. घरात सगळे म्हणाले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी पेट्रोल भरायचं राहिलं असेल. दुसऱ्यांदा खंबाटकी घाटात. आई शेजारी, बाहेर धो धो पाऊस, मागे ट्रकची रांग. काटा पाव टाकी दाखवत होता, पण ते ऐकून कोण घेतो? 'आता ड्रायव्हिंग पुरे' असा ठराव पास झाला. सगळ्यात वाईट म्हणजे बाबांनाच तो पटला. "हल्ली माझंच लक्ष राहत नाही रे," म्हणाले आणि किल्ली खुंटीला लावून टाकली.

पण बाबांची एक वही आहे. दर वेळी किती लिटर टाकलं आणि तेव्हा किलोमीटर किती झाले होते, सगळं तारीखवार. हिशेब केला. दोन्ही वेळा वहीप्रमाणे टाकी जवळजवळ रिकामी होती आणि काटा पाव टाकीवर. दोन्ही वेळा पावच! लॉग एक सांगतोय आणि डॅशबोर्ड दुसरंच.. आमच्या धंद्यात अशा वेळी युजरला शिव्या घालत नाहीत, सेन्सर तपासतात.

शनिवारी गाडी ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवलं होतं. गाडी उघड्यावर उभी केली. काकांनी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मागची सीट उचलली की खाली झाकण, त्याखाली मोठी रिंग. ती लाकडाचा तुकडा लावून ठोकायची. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडाली तर संपलंच. (हे घरी एकट्याने करू नका मंडळी, पेट्रोलची वाफ चेष्टा करत नाही.)

सेन्सर बाहेर काढून मल्टिमीटर लावला. दांडा वरून सावकाश खाली आणत गेलो, आकडा छान बदलत होता. पाव टाकीच्या आसपास मात्र अडकला. दांडा खाली चाललाय, आकडा ढिम्म! बिजागरी झिजल्यामुळे तिथून पुढे कॉन्टॅक्ट सरकतच नव्हता.

"साहेब, बाबांची चूक नाही हो ही," काका म्हणाले. मी ते वाक्य फोनवर बाबांना परत म्हणायला लावलं.

अख्खी पंप असेंब्ली न बदलता नुसता सेन्सर मिळाला. जुन्याशेजारी धरून दांड्याची लांबी ताडून पाहिली, रिंगखालचं रबर सील नवं टाकलं, आणि पाच-पाच लिटर भरत काटा वर चढताना पाहिला.

हा बिघड काही जगावेगळा नाही. २००४ च्या मे महिन्यात अमेरिकेत लुइझियाना, फ्लोरिडा या भागांत गंधकाचं प्रमाण बिघडलेलं पेट्रोल विकलं गेलं. त्याने सेन्सरमधले चांदीचे कॉन्टॅक्ट खराब झाले आणि अनेक गाड्यांचे काटे चुकायला लागले. काही तर रिकाम्या टाकीवर 'फुल' दाखवत होते. पूर्ण मेलेला काटा परवडला, त्याच्यावर कोणी विश्वास तरी ठेवत नाही. ठामपणे चुकणारा काटा माणसालाच खोटं पाडतो.

तेव्हा टाकी फुल केली की ट्रिपमीटर शून्य करायची सवय लावा. आणि घरातलं वयस्कर माणूस 'काटा बरोबर होता' म्हणालं, तर आधी काटा तपासा.

असो. पुढच्या रविवारी आई-बाबा साताऱ्याला जाऊन आले. गाडी अर्थातच बाबांनी चालवली.