घागर भरेपर्यंत

केळीच्या बागेत भर दुपारी कॅमेरा लावला तरी आधी उजेडाशी झगडावं लागतं. वर पानांचं छप्पर, खाली हिरवट अंधार, आणि वाऱ्यानं पान हललं की डोळ्यांवर येणारा कवडसा. अर्धापूरच्या अशाच एका बागेत मी करपा रोगावर पहिली फिल्म केली. तज्ज्ञ छान बोलले. मागं संगीत टाकलं, पडद्यावर आकडे झळकवले. मंदिरासमोर दाखवायला लागलो तर निम्मे लोक मधूनच उठून गेले.

दुसऱ्या वेळी बागेच्या मालकालाच बोलतं केलं. त्यांनी पान खाली ओढलं, पिवळसर ठिपक्यांवर अंगठा फिरवला, शेजारचा लांबट तपकिरी चट्टा दाखवला. त्याच्या मधोमध राखाडी रंग होता. मग विळ्यानं तेवढाच भाग कापला आणि म्हणाले, ‘हे बागंतच टाकलं तर कापून उपेग नाही. भाईर नेऊन जाळायचं.’ त्या संध्याकाळी पहिला प्रश्न आला, ‘कोन्या गावचे हाईत हे?’ दुसरा, ‘बाग कितव्या महिन्याची हाय?’ फिल्म नऊ मिनिटांची होती, बोलणं दीड तास चाललं.

कर्नाटकात शेतकऱ्यांसाठी फिल्म करणाऱ्या ‘डिजिटल ग्रीन’ या संस्थेच्या मंडळींनाही हाच अनुभव आला होता. गावातल्याच शेतकऱ्याला पडद्यावर आणायचं आणि फिल्म मधे मधे थांबवून चर्चा करायची, अशी त्यांची रीत. 16 गावांत 13 महिने चाललेल्या प्रयोगात नव्या पद्धती स्वीकारण्याचं प्रमाण नेहमीच्या कृषी विस्ताराच्या तुलनेत सातपट निघालं. मला यातलं थांबणं फार मोलाचं वाटतं. पडदा बंद झाला की माणसं एकमेकांकडं बघतात आणि खरं शिकणं तिथं सुरू होतं.

एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा स्टेशनवरच्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत मीही होतो. ती दृश्यं दाखवणं गरजेचंच होतं. पण घरी येऊन चित्रण पाहिलं, तर माझ्या प्रत्येक चौकटीत लातूरकर नुसता वाट बघत उभा होता. त्याच महिन्यात जवळच्या अंबाजोगाई तालुक्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. वरुड आणि कोरेगाव हे तिच्यातले बाकीचे दोन तालुके. तिथं प्रशिक्षणात फिल्मचा वापर होता आणि ती बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी टिकाव घेऊन शिवारात जात होता. पुढच्या वर्षी तालुके 30 झाले. पाणी किती मुरलं, किती टिकलं, यावर जलतज्ज्ञांनी बोलावं. मी एवढंच सांगू शकतो की दुष्काळ तोच होता, पण तिथल्या चौकटीतल्या माणसाच्या हाताला काम होतं.

कॅमेराच गावाच्या हाती दिला तर काय होतं, हे अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायांच्या संघटनेनं 1984 पासून दाखवलंय. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया तिथं व्हिडिओ करायला शिकल्या. तो धडा मनात धरून मी आमच्या भागातल्या एका शाळेत आठ दिवसांची कार्यशाळा घेतली. मुलांच्या हाती साधे मोबाईल दिले आणि विषय त्यांच्यावरच सोडला.

आठवीतल्या एका मुलीनं गल्लीतला नळ निवडला. मोबाईल विटांवर टेकवला आणि बारीक धारेखाली ठेवलेली एकच घागर चित्रित केली, सहा मिनिटं, सलग. मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. एक बाई पदरानं घाम पुसत होती. संकलनाला बसल्यावर मी म्हटलं, ‘बाळा, एवढं कुणी बघणार नाही. चाळीस सेकंदांवर आणू.’

तिनं मान हलवली. ‘कापू नका सर. तेवढा वेळ लागतोच.’

मी कापलं नाही. ग्रामसभेत फिल्म लावली तेव्हा पहिल्या मिनिटाला खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या एकानं मोबाईल खिशात ठेवला. मागं बसलेल्या बायांपैकी एकीनं हळूच म्हटलं, ‘अजून अर्धी बी नाही भरली.’ घागर काठोकाठ भरेपर्यंत मग कुणीच बोललं नाही.