पूर्वपक्ष लंडनचा

हायडेलबर्ग विद्यापीठाकडे पार्थेनॉनचा एक तुकडा होता. तळहातावर मावेल एवढा, मंदिराच्या उत्तरेकडच्या शिल्पपट्टातल्या एका माणसाच्या पावलाचा. २००६ साली विद्यापीठानं तो अथेन्सला परत केला. पालेर्मोच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे दुसरा तुकडा होता: पूर्वेकडच्या पट्टातल्या बसलेल्या देवीचं पाऊल आणि तिच्या वस्त्राची किनार. तो २०२२ मध्ये परत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हायडेलबर्ग, पालेर्मो आणि अथेन्स इथल्या तीन शाळांची मुलं आठवडाभर अथेन्समध्ये एकत्र आली, ती या दोन पावलांच्या निमित्तानं. मी हायडेलबर्गच्या शाळेत इतिहास शिकवते, म्हणून त्या मुलांबरोबर होते. आणि मी मूळची साताऱ्याची. या गोष्टीचा त्या आठवड्याशी काय संबंध, ते पुढे येईलच.

शाळांच्या अशा देवाणघेवाणीला युरोपीय संघाच्या इरॅस्मस योजनेतून पैसे मिळतात. ब्रिटन संघातून बाहेर पडताना या योजनेतूनही बाहेर पडलं होतं. त्यामुळे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या पार्थेनॉनच्या शिल्पांवर वाद घालायचा, तर ज्या देशाशी मुख्य वाद त्या देशाचं एकही मूल आमच्यात असणार नव्हतं. लंडनची बाजू आमच्याच मुलांना मांडावी लागणार होती. अथेन्सच्या मुलांचे चेहरे ते ऐकूनच उतरले. शिल्पं परत आली पाहिजेत, हे ती अगदी लहानपणापासून ऐकत वाढलेली असतात. त्यांच्या दृष्टीनं तो वाद नव्हताच, ती उघड सत्य गोष्ट होती.

आम्ही शिक्षकांनी एक शिस्त ठरवली होती. सकाळी बघायचं, दुपारी बोलायचं, आणि जे बघितलं नाही त्यावर बोलायचं नाही.

पहिल्या सकाळी प्राचीन अगोरा पाहिला. तिथला अॅटलॉसचा स्तंभमंडप १९५०च्या दशकात जुन्या पायावर नव्यानं उभारला आहे आणि आत संग्रहालय आहे. मुलं दोन वस्तूंपाशी खिळून राहिली. एक दगडी पाटी, तिच्यात बारीक खाचांच्या रांगा. न्यायसभेत कोणी बसायचं, हे अथेन्सचे नागरिक या यंत्रावर चिठ्ठ्यांनी ठरवत. दुसरी वस्तू म्हणजे जलघटिका. मातीचं भांडं, तळाशी नळी. त्यातलं सुमारे सहा लिटर पाणी खालच्या भांड्यात उतरायला सहा मिनिटं लागत, आणि न्यायालयात बोलायचा वेळ अशा पाण्यानं मोजत. अथेन्सच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी दुपारपर्यंत प्लास्टिकच्या दोन बादल्यांची तशीच घटिका करून आणली. आठवडाभर आमची भाषणं त्या पाण्यावर चालली. मोबाइलवरचं घड्याळ फक्त शिक्षक बघतात. पाणी मात्र बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कमी होतं, धार बारीक होत जाते. मुलांचा पाल्हाळ त्यामुळे जसा कमी झाला तसा माझ्या कोणत्याही सूचनेनं कधी झाला नव्हता.

बाजूही चिठ्ठीनंच ठरली. अथेन्सच्या एका मुलीला लंडनची चिठ्ठी आली. तिनं ती दोनदा वाचली आणि बदलून मिळेल का, असं विचारलं. तिच्या सरांनी नाही म्हटलं. ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

या टप्प्यावर मी एक नियम सुचवला. तो माझा नव्हे, आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतला, फार जुना. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याच ताकदीनं, त्याला मान्य होईल असं सांगायचं, आणि मगच आपलं उत्तर. समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणत नाही तोवर खंडन सुरू करायचं नाही. पूर्वपक्षात गेलेलं पाणी बोलणाऱ्याच्या वाट्याचं, त्यात सूट नाही. साताऱ्यात शाळेत असताना वादविवाद स्पर्धांत मी भरपूर बोलले आहे. आम्ही बाजू घेत होतो, टाळ्या घेत होतो. समोरच्याचं बोलणं नीट परत सांगायला मात्र आम्हाला कुणी लावलं नव्हतं. ही उणीव मला इतकी वर्षं जाणवत होती.

अॅक्रोपोलिसच्या टेकडीवर मुलांनी काढायचे ते फोटो काढले. संगमरवर लाखो पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की सांभाळून चालावं लागतं. पण आमचं खरं काम खालच्या संग्रहालयात होतं. २००९ मध्ये उघडलेल्या या इमारतीचा सर्वांत वरचा मजला खालच्या मजल्यांपासून थोडा फिरवलेला आहे, तो थेट पार्थेनॉनच्या दिशेला समांतर व्हावा म्हणून. काचेच्या भिंतींतून समोर टेकडीवर मंदिर दिसतं आणि आत, मंदिराच्याच मापानं, शिल्पपट्ट चारही बाजूंनी फिरतो. मूळचा पट्ट सुमारे १६० मीटर लांबीचा. जे दगड अथेन्सकडे आहेत ते मधाच्या रंगाचे, जुने, झिजलेले. जे लंडनला आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती. घोडेस्वारांची मिरवणूक चालत येते, मध्येच पांढरी पडते, पुन्हा मधाळ होते. एकाच आकृतीचा काही भाग इथे आणि काही भाग तिथे, असंही आहे. पांढरा भाग जास्त आहे, हे मोजल्याशिवाय कळतं.

आमच्या हायडेलबर्गच्या मुलांनी आधी आपलं पाऊल शोधलं. पालेर्मोची मुलं देवीच्या पावलापाशी जाऊन उभी राहिली. एकानं कबूल केलं की तो तुकडा पालेर्मोत होता तेव्हा त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. इथे पाऊल देवीच्या बाकीच्या शरीराशी जुळलेलं पाहून त्याला ते कशाचं पाऊल आहे ते समजलं. माझ्या मते परत करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

पण लंडनची चिठ्ठी आलेली मुलगी पश्चिमेकडच्या दगडांपाशी थांबली होती. शिल्पं लंडनला नेणाऱ्या एल्गिननं हा भाग जवळजवळ तसाच सोडला होता. तो १९९३ पर्यंत मंदिरावरच राहिला, आणि शहराच्या धुरानं व आम्लाच्या पावसानं त्याचे चेहरे खाल्ले. तिनं वहीत रेखाटन केलं, नाक-डोळे गेलेला एक स्वार. मग मला विचारलं, “हे मी म्हटलं तर माझ्या आजीला काय वाटेल?” मी म्हटलं, “खरं आहे ना? मग म्हण.”

वादाच्या दिवशी ती उभी राहिली आणि तेच रेखाटन तिनं सर्वांसमोर धरलं. एल्गिन हा उस्मानी दरबारातला ब्रिटिश राजदूत. १८०१ पासून त्याच्या माणसांनी शिल्पं उतरवली, कापली, जहाजांवर चढवली. हे सगळं तिनं स्वतःच आधी सांगितलं, काहीही झाकलं नाही. मग ती म्हणाली, ती जर उतरवली नसती तर त्यांतल्या किती जणांना आज चेहरा उरला असता? त्याआधी १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्यानं मंदिरात साठवलेली दारू पेटली आणि मधला भाग उडाला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथे इजिप्त आणि असिरियाच्या शिल्पांशेजारी ग्रीक हात काय वेगळं करत होता, ते एका दुपारीत दिसतं. आणि १९६३च्या कायद्यानं त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांचे हातच बांधलेले आहेत. शेवटचा थेंब पडला तेव्हा ती तिच्या भाषणाच्या शेवटच्या वाक्यावर होती.

उत्तर द्यायला आमच्या वर्गातला एक मुलगा उठला. त्यानं तिचा पूर्वपक्ष असा मांडला की ती मान हलवत राहिली. मग म्हणाला, १९३७-३८ मध्ये लंडनमध्येही तांब्याच्या हत्यारांनी खरवडून शिल्पं ‘पांढरी’ केली गेली. जपणुकीचं श्रेय घ्यायचं तर हेही घ्या. अथेन्समध्ये जागा नाही, हा मुद्दा २००९ मध्ये संपला. परवानगीचं म्हणाल, तर सुलतानाच्या दरबाराचं मूळ पत्र उरलेलंच नाही, उरलाय तो त्याचा इटालियन तर्जुमा. आणि परवानगी देणारा कोण? ज्याचा या शहरावर ताबा होता तो. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेनं ३५,००० पौंड मोजले, पण ते एल्गिनला.

मत घेतलं. परत करावीत, या बाजूला बरीच जास्त मतं पडली. संध्याकाळी हॅड्रियनच्या कमानीसमोरून जाताना मुलं मेलिना मर्कुरीच्या अर्धपुतळ्यापाशी थांबली. ग्रीसची ही अभिनेत्री सांस्कृतिक मंत्री झाली आणि १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या वादसभेत जाऊन याच प्रश्नावर बोलली होती. तिथेही मत परतीच्या बाजूनं पडलं होतं. ती मुलगी पुतळ्याकडे बघून म्हणाली, “मी तुझ्या विरुद्ध बोलले, पण आता तुझं म्हणणं मला तुझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल.” ती हे गमतीनं म्हणाली नाही. मीही ते गमतीत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मला गाठलं. तुमच्या देशाच्या वस्तूही लंडनमध्ये असतील ना? मी वाघनखांबद्दल सांगितलं. प्रतापगडचा १६५९ मधला प्रसंग सांगितला. अफझलखानाची भेट सांगताना माझा आवाज नेहमी चढतो, तसा तेव्हाही चढला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं ती वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्राला दिली आणि जुलै २०२४ पासून ती साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात ठेवली होती. दादा त्याच्या मुलीला घेऊन पाहून आला होता. त्यानं पाठवलेला फोटो मी दाखवला: काचेची पेटी, पुढे लोक, आणि आपल्या माणसांच्या खांद्यांवर बसलेली लहान मुलं.

“आता पूर्वपक्ष मांडा,” अथेन्सचा एक मुलगा म्हणाला. “लंडनचा.”

बादली भरली गेली. मी मांडला. वाघनखं ज्या पेटीतून आली तिच्यावर लिहिलंय की ती जेम्स ग्रँट डफला, तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना, पेशव्यांच्या प्रधानानं भेट दिली. लुटीचा उल्लेख नाही. ग्रँट डफनं पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्याला या भूमीविषयी आस्था होती. त्याच्या घराण्यानं वस्तू सांभाळली, नातवानं संग्रहालयाला दिली. आणि संग्रहालय प्रामाणिकपणे सांगतं की हीच ती शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं, हे सिद्ध करता येत नाही. पेटीवरच्या मजकुरात खानाला मोगल सरदार म्हटलंय, तो होता आदिलशाहीचा. मग ज्याची खात्री नाही त्यावर हक्क कसा सांगायचा? हे सगळं मी माझ्याच तोंडानं बोलले, जितक्या ताकदीनं जमलं तितक्या.

मग उत्तर दिलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली. हरलेल्या राज्याचा कारभारी जिंकलेल्या सरकारच्या माणसाला जे देतो ते त्याच्या मर्जीनं दिलेलं असतं का? आणि छत्रपतींचं शस्त्र प्रधानानं द्यायचं कुठल्या अधिकारात? सुलतानानं अथेन्सची शिल्पं द्यावीत, त्याच अधिकारात. एल्गिन आणि ग्रँट डफ दोघंही स्कॉटलंडचे. पुराव्याची शंका राहो, पण साताऱ्यात पेटीपुढे उभी राहिलेली माणसं ती शंका माहीत असूनही आलेली आहेत. ती वाघनखं साताऱ्याचीच आहेत, असं मला वाटतं. एवढं मी पाणी संपायच्या आत म्हणू शकले.

“तीन वर्षांनी काय?” त्या मुलानं विचारलं.

“परत लंडनला. करार तसा आहे.”

पालेर्मोची एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडचं पाऊलही आधी चार वर्षांच्या बोलीवरच गेलं होतं. चार वर्षं पुरी व्हायच्या आत ते कायमचं दिलं.”

जानेवारीत आम्ही साताऱ्याच्या एका शाळेला पडद्यावर जोडून घेतलं. तिकडची मुलं शाळा सुटल्यावर थांबली होती, कारण आमचा पहिला तास म्हणजे त्यांची दुपार. साताऱ्याच्या एका मुलीनं पहिलाच प्रश्न पालेर्मोला केला: पाऊल दिल्यावर तुम्हाला काय मिळालं? उत्तर आलं की अथेन्सनं काही वर्षांसाठी मस्तक नसलेली अथेनाची प्राचीन मूर्ती पाठवली, आणि एक जुनं रांजणासारखं भांडं. अथेन्सच्या मुलांनी भर घातली की आमच्या सरकारनं लंडनलाही तेच सांगितलंय, शिल्पं द्या, तुमचं दालन आम्ही रिकामं राहू देणार नाही. साताऱ्याच्या वर्गात कुजबुज झाली. मग एकदम चार-पाच जण बोलायला लागले, कुणी दांडपट्टा म्हणालं, कुणी तलवार, कुणी म्हणालं की कुठलंही शस्त्र पाठवायचं नाही, नाणी पाठवा, शिवराई, म्हणजे तिकडच्या लोकांना राज्य कसं चालत होतं ते कळेल. शिक्षकांनी थांबवायचा प्रयत्न केला. अथेन्सची ती मुलगी म्हणाली, “थांबवू नका, आधी नाण्यांचा पूर्वपक्ष ऐकू दे.”