कचेरीचं वळण

तिरुवलंचुळीत कावेरी उजवीकडे वळते. ते वळण गावाच्या नावातच आहे: वलम् म्हणजे उजवी बाजू, चुळी म्हणजे भोवरा. नदी इथल्या विवरात शिरून दिसेनाशी झाली, हेरंड ऋषींनी त्या विवरात स्वतःला लोटून दिलं आणि मगच ती पुन्हा वर आली, अशी इथली कथा. देवळातला विनायक पांढरा, समुद्रमंथनाच्या फेसाचा म्हणून पुजला जाणारा. त्याला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती भीमसेनी कापराची पूड. दगडी जाळीतून कवडसे झिरपत होते, कापराचा गार वास श्वासात उतरत होता, आणि माझ्याशेजारी कुंभकोणमचे आजोबा बसले होते, पिढ्यान्‌पिढ्या घरात तंजावरी मराठी सांभाळलेले. उठता उठता ते म्हणाले, "संध्याकाळी कचेरी आहे. याल ना?"

मी थबकले.

कचेरी म्हटलं की मला माझे आजोबा दिसतात. सणालासुद्धा न घातलेला काळा कोट मामलेदार कचेरीत जायचं म्हणून पेटीतून काढणारे, सातबाऱ्याच्या कागदाची चौघडी खिशात जपणारे, कडुनिंबाखाली आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत दिवसभर उभे राहणारे, आणि दिवेलागणीला परतल्यावर आजीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बसणारे. त्या शब्दाला लाखेचा वास होता. भीतीचाही.

इथं कचेरी म्हणजे गाणं. आपण जिला मैफल म्हणतो, बैठक म्हणतो, ती.

दुपारी कुंभकोणमच्या आजोबांनी घरी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. 'कल्कि' साप्ताहिकातली पानं सुटी करून, दाभणानं शिवून घरी बांधलेलं. १९५० ते १९५४ या काळात आठवड्यामागून आठवडा आलेली 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी. पोन्नी म्हणजे हीच कावेरी. कादंबरीचे लेखक कल्कि कृष्णमूर्ती हे गाण्याचेही जाणते कानसेन. १९४१ साली स्वतःचं साप्ताहिक काढण्याआधी ते 'आनंद विकटन'मध्ये 'कर्नाटकम्' या नावानं संगीतावर लिहीत. कादंबरीच्या एका पानामागं गाण्याच्या कार्यक्रमाचा मजकूर शिवला गेला होता. आजोबांचं बोट पिवळ्या कागदावरून सरकत एका शब्दापाशी थांबलं. कच्चेरी.

शब्दाला ना अवतरणचिन्ह होतं, ना कंसातला खुलासा. वाचणाऱ्याला तो ठाऊकच होता. त्याच तमिळमध्ये तालुका कच्चेरीही होती, तिथंही अर्ज होते, शिक्के होते. मद्रासच्या मैलापुरात तर सरकारी कचेरीवरून नाव पडलेला कचेरी रोड आजही आहे, आणि मार्गळी महिन्याच्या थंडीत त्याच्या आसपासच्या सभागृहांत तंबोरे लागतात. मला वाटलं, अशी साप्ताहिकं किती घरांत गेली असतील, अंगणात, माजघरात, दिव्याखाली कुणीतरी ती मोठ्यानं वाचली असतील, आणि ज्यांना मद्रासच्या सभागृहाची पायरीही कधी चढायला मिळाली नाही त्यांच्या ओठांवरही हा शब्द गाण्याचाच होऊन रुळला असेल.

संध्याकाळी गेले. लहानसं सभागृह, पितळी समई, मोगऱ्याचा वास. वर्णम् झालं, कृती झाल्या, मुख्य रागाचा आलाप नदीसारखा पसरला, मृदंगाची तनि आवर्तनम् कोसळून शांत झाली. शेवटी गायिकेनं डोळे मिटले आणि अभंग घेतला.

विठ्ठल.

उच्चारात तमिळचा हेल होता आणि शब्द माझे होते. आजोबांचे ओठ हलत होते. पंढरपुरापासून इतक्या दूर, कर्नाटक संगीताच्या कचेरीत, अभंगाचा हा मान आता नेहमीचाच झाला आहे. सभागृहात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मलाच, आणि माझे डोळे भरून आले. काळ्या कोटातले माझे आजोबा मला तिथं, दुसऱ्या रांगेत बसलेले दिसले. या कचेरीत त्यांचं नाव कुणी पुकारणार नव्हतं, कागद कुणी मागणार नव्हतं. त्यांनी नुसतं ऐकायचं होतं.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली संपलं. तिथल्या जुन्या घरांतली मराठी अजून बोलली जाते, कान देणारा भेटला की खुलते. कुंभकोणमला गेलात आणि तिथल्या एखाद्या मराठी घरानं तुम्हाला कचेरीला बोलावलं, तर जा. शेवटच्या अभंगापर्यंत थांबा.