हो म्हणा, काकू

हे होते तोवर बँकेशी माझा संबंध लॉकरच्या चावीपुरता. ते गेल्यावर पहिल्यांदा एकटी पासबुक भरायला गेले, तर ते मशीनमध्ये कुठल्या बाजूने घालायचं तेही कळेना. मागच्या रांगेतल्या मुलीने माझ्या हातून घेऊन घातलं. खर्र खर्र करत शेवटच्या ओळीत आकडा उमटला : 9 लाख 40 हजार.

तो आकडा माझ्याआधी बँकेतल्या एका तरुणाने वाचला असावा. "काकू, एवढे पैसे बचत खात्यात नुसते पडून?" खुर्ची आली, चहा आला. चाळीस वर्षांत ह्यांना त्या शाखेत कुणी पाणी विचारल्याचं ऐकलं नव्हतं. "एफडीच समजा, फक्त जास्त मिळतं," तो म्हणाला. पेन्सिलच्या फुल्या होत्या तिथे तिथे मी सह्या केल्या आणि 2 लाख गेले. निघताना म्हणाला, "एक फोन येईल, सगळ्याला हो म्हणा."

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडची बाई भरभर विचारत होती, मी हो, हो करत होते. एका प्रश्नाला ती अडखळली. "मॅडम, इथे तुम्हाला नाही म्हणायचंय का?" मी म्हटलं, "हो."

पुढे कुरिअरने जाडजूड पाकीट आलं. एफडीची पावती एवढी मोठी कशी, असं वाटलं खरं, पण कपाटात ठेवून दिलं. खालच्या मजल्यावरचे भाऊ जन्मभर विमा विकून निवृत्त झालेत. ते एकदा सहज आले म्हणून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वहिनी, दरवर्षी 2 लाख कुठून आणणार?"

तो विमा होता. हप्ते 10 वर्षं भरायचे. बँकेचाही नव्हे, एका विमा कंपनीचा; बँक नुसती दुकानदार, कमिशन घेणारी. माझ्यावर अवलंबून कोणी नाही, मग माझ्या जिवाचा विमा कुणासाठी? दुसरा हप्ता चुकला असता, तर पहिल्यातलाही बराच भाग गेला असता. मला त्या मुलापेक्षा माझाच राग आला. वाणसामानाच्या बिलात दोन रुपयांसाठी भांडणारी मी!

भाऊंनी आधी पाकिटावरची तारीख बघितली. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, आणि आमचा बाविसावा दिवस होता. शाखेत गेले तर "नुकसान होईल काकू", "साहेब रजेवर आहेत". चहा नव्हता. मग अर्ज घेऊन थेट विमा कंपनीच्या कार्यालयात गेले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम खात्यात आली.

दोन महिन्यांनी फोन वाजला. "विमा नियामकाच्या कार्यालयातून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, आधी फी भरा." नियामक कुणाला असे फोन करत नाही, हे तोवर भाऊंकडून ऐकलं होतं. मी नाही म्हटलं. इतकं स्वच्छ 'नाही' मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. कॅलेंडरवर आता 1930 लिहून ठेवलंय. पैसे लुबाडले गेलेच तर लगेच करायचा तो नंबर.

8 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. मी ठेवले तेव्हा दर 8.2 टक्के होता, व्याज दर तीन महिन्यांनी येतं. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता फॉर्म पुढे सरकवला. मला फार बरं वाटलं.

तुमच्याही कपाटात असं एखादं न उघडलेलं पाकीट असेल, तर आजच काढा आणि ते कोणत्या तारखेला हातात पडलं ते आठवा.