तोबरा आणि भाकर

इतिहासाच्या तासाला श्रमिकांच्या चळवळींचा धडा आला की आम्ही पुस्तक मिटतो आणि घोड्यांविषयी सांगू लागतो. वसतिगृहातील मुले प्रथम हसतात. घोड्याचा आणि हक्काचा संबंध काय, असे त्यांना वाटते. आम्हांस तो संबंध आमच्या आजोबांमुळे कळला.

गावी आलेल्या अंमलदाराच्या घोड्याची बडदास्त ठेवणे हे महारकीच्या कामांपैकी एक होते. आजोबा चावडीपुढे ते करीत. दौडून आलेल्या घोड्यास आधी हळूहळू फिरवून थंड करायचे, खोगीर उतरवून पाठीवर हात फिरवायचा, चारही खूर उचलून खडा अडकला आहे का ते पाहायचे आणि दम उतरल्यावरच चंदीचा तोबरा तोंडाला बांधायचा, हा त्यांचा क्रम. "घोडं बोलत नाही, त्याची पाठ बोलते," असे ते म्हणत. घोडा हरभरा खात असे, तेव्हा आमच्या घरची चूल पेटलेली असेच असे नाही.

हे काम आम्ही कित्येक वर्षे कोणास सांगितले नाही. एम.ए. झालो, शिक्षक झालो, तरी लाज सुटली नव्हती.

पुढे वाचनात आले की आजोबांचा क्रम शास्त्राला धरून होता. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी काढता येत नाही. म्हणून त्याला थोडे थोडे व वारंवार खाऊ घालावे लागते. 400 किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला साधारण 8 किलो सुका चारा लागतो. धान्य एकदम वाढविले तर पोटशूळ उठतो, खुरांना आतून सूज येते. खोगिराखालची जखम दुर्लक्षित राहिली तर घोडा कित्येक दिवस कामातून बाद होतो.

ब्रिटिश फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून जहाजाने जे घोडे हिंदुस्थानात येत, त्यांना न्यू साउथ वेल्स या प्रांतावरून 'वेलर' म्हणत. त्यांचा माग काढता काढता आम्ही त्या देशातील गुराख्यांपर्यंत पोहोचलो. तेथील नॉर्दर्न टेरिटरीत विस्तीर्ण कुरणांवरील गुरे घोड्यांवरून हाकीत. एका गुराख्याच्या वाट्याला अनेक घोडे असत. आज ज्यावर मांड टाकली, त्याला उद्या विश्रांती. रात्री घोड्यांच्या पुढच्या पायांना पायबंद व काहींच्या गळ्यात घंटा बांधून त्यांना चरावयास सोडीत. पहाटे घंटेच्या नादावरून त्यांना हुडकून आणणारा माणूस वेगळा असे. रात्री गुरांभोवती पहारा देण्यासाठी शांत स्वभावाचा, अंधारात न बिचकणारा घोडा राखून ठेवीत. आपल्याकडील खुळखुळ्याच्या कुळातील काही झुडपे तेथेही उगवतात. ती पोटात गेली की घोड्याचे यकृत नासते आणि तो भान हरपून एकसारखा चालत राहतो. असा चारा ओळखणे हीही एक विद्याच होती. पावसाळ्यात काम थांबले की घोडे विश्रांतीसाठी मोकळे सोडले जात.

ही विद्या बव्हंशी तेथील आदिवासींच्या हाती होती. परंतु त्यांना मिळे ते पीठ, चहा, साखर, मांस आणि गोऱ्या गुराख्याच्या मानाने अत्यल्प पैसा. पावसाळ्यात घोड्याला विश्रांती मिळे. माणसाची मात्र बहुधा मजुरीच बंद होई. मार्च 1966 मध्ये लवादाने समान वेतनाचे तत्त्व मान्य केले, पण अंमल डिसेंबर 1968 पर्यंत लांबविला. 23 ऑगस्ट 1966 रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 200 गुरिंजी स्त्रीपुरुष व मुले वेव्ह हिल येथील व्हेस्टी कंपनीचे कुरण सोडून चालू लागली. मागणी वेतनाची होती, पुढे ती आपल्या भूमीची झाली. नऊ वर्षांनी, 16 ऑगस्ट 1975 रोजी, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत तेथील मूठभर माती घालून भूमीचा काही भाग परत केला.

हे वाचताना आम्हांस चावडी आठवली. 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून बाबासाहेबांनी हाच हिशेब मागितला होता: चोवीस तास राबणाऱ्या माणसाचा मोबदला किती? घोड्याच्या चंदीची चिंता वाहणाऱ्या व्यवस्थेला मोतद्दाराच्या भाकरीची चिंता नव्हती.

गेल्या वर्षी हा तास संपल्यावर नववीतील एक मुलगा मागे थांबला. खाली मान घालून म्हणाला, "सर, माझे बाबा लग्नाची घोडी सांभाळतात. मी फॉर्मवर 'मजुरी' लिहिलंय." आम्ही त्यास आजोबांची गोष्ट सांगितली, एखाद्या विद्यार्थ्यास ती सांगण्याची आमची ती पहिलीच वेळ. दिवाळीच्या सुटीनंतर त्याने वहीची चार पाने आणून दिली. नाल केव्हा बदलावी, तंग किती आवळावा, बँडच्या आवाजाला घोडी कशी सरावते, हे सारे वडिलांना विचारून लिहिलेले. शेवटी वडिलांचे पूर्ण नाव होते.

काम लाजिरवाणे नसते. ते फुकट करवून घेणे आणि करणाऱ्याचे नाव पुसणे लाजिरवाणे असते. माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती इतकीच: आपल्या आजी-आजोबांस कोणती विद्या येत होती, ते लिहून शाळेकडे पाठवावे. ग्रंथालयात त्या चार पानांशेजारी जागा राखून ठेवली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!