जर्मन भाषेत वाट पुसताना

परभाषा शिकणाऱ्याला आरंभीच्या पाठांत एक पाठ हटकून भेटतो, तो वाट पुसण्याचा. नमस्कार झाला, नावगाव सांगून झाले, की लगेच ‘स्टेशनाकडे कसे जावयाचे?’ हा प्रश्न उभा राहतो. गेले सहा महिने हा पाठ आमच्या फोंडाघाटच्या घरी पडवीतील झोपाळ्यावर रोज सायंकाळी घोकला जात आहे, आणि तोही जर्मन भाषेत. आमच्या थोरल्या बंधूंची नात परिचारिकेचे शिक्षण पुरे करून पुण्यास मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षेस बसणार आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या बाजूच्या अनेक घरांतून ही भाषा कानी पडू लागली आहे.

दादांचा मात्र या बेताला रुकार नाही. “परमुलखात पोरीने नाक्यानाक्यावर वाट पुसत हिंडावे काय?” हा त्यांचा एकच आक्षेप. तो इतक्या वेळा आला की आता घरात त्यास कोणी उत्तर देत नाही. वहिनी गप्प असतात. सूनबाई उघडपणे लेकीच्या बाजूच्या. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते, पुढे पाठशाळेत संस्कृत तेवढे झाले. पण पोरीने शब्दरूपे आमच्याजवळच पाठ केलेली असल्यामुळे अडले की ती आमच्याकडेच येते, आणि त्यामुळे आम्हीही नकळत तिचे सहाध्यायी होऊन बसलो आहोत.

‘एन्टशुल्डिगुंग, वी कोमे इख त्सुम बानहोफ?’ म्हणजे, क्षमा करा, मी स्टेशनाकडे कसा येऊ? यातील ‘त्सुम’ या इवल्या शब्दात ‘कडे’ आणि नामाचे उपपद अशी दोन पदे एकवटली आहेत, आणि नाम चतुर्थीत आहे. पोस्टात जावयाचे तर ‘त्सुम’ चालत नाही, ‘त्सुअर’ म्हणावे लागते, कारण पोस्ट स्त्रीलिंगी. इस्पितळ नपुंसकलिंगी. त्याचे नाव ‘क्रांकेनहाउस’, अर्थात रुग्णांचे घर, सरळ षष्ठीतत्पुरुष! तीन लिंगांची मातब्बरी इंग्रजीवर वाढलेल्यास. ‘तो, ती, ते’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने त्यास काय म्हणून भ्यावे?

खरी मौज पुढेच आहे. ‘इन डी श्टाट’ म्हणजे शहरात जाणे, येथे द्वितीया. ‘इन डेर श्टाट’ म्हणजे शहरात असणे, येथे चतुर्थी. मराठीत दोन्हीकडे ‘शहरात’च. हा भेद पोरीच्या गळी उतरेना, तेव्हा आम्ही तिला ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामे वसति’ ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून दिली. पाणिनीने तर याहून बारीक पाहिले आहे. गमनार्थक धातूंच्या कर्माला द्वितीया किंवा चतुर्थी होते, गावाला म्हणून ‘ग्रामम्’ किंवा ‘ग्रामाय’ जावे. परंतु ते कर्म खुद्द रस्ताच असेल, तर चतुर्थी नाही, असा त्याचा स्पष्ट अपवाद आहे. आता जर्मन वाटाड्या काय म्हणतो ते पाहावे. स्टेशनाकडे जाण्यास त्याची चतुर्थी चालते. पण रस्त्याने सरळ जा म्हणताना ‘डेन वेक एन्टलांग’, तेथे द्वितीयाच! जर्मन भाषेत हे काम अव्यय करिते, धातू नव्हे, तेव्हा दोन्ही नियम एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. तथापि हे ‘एन्टलांग’ इतर बहुतेक अव्ययांप्रमाणे नामाच्या आधी न येता आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे मागाहून येते, आणि ‘वेक’ हा शब्दही आपल्या ‘वह्’ धातूच्या कुळातला आहे, हे कळल्यावर आम्हांस त्या रात्री लवकर झोप आली नाही.

जर्मन पंडितांना हे नाते ठाऊकच होते. कीलहॉर्न साहेब १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवीत होते. महाभाष्याची त्यांची आवृत्ती प्रसिद्धच आहे. बोटलिंक यांनी पाणिनीचे जर्मन भाषांतर १८८७ साली लाइप्झिगला छापविले. ज्यांच्या नावे पुण्यातले भवन आहे ते मॅक्स म्युलर मात्र उभ्या जन्मात हिंदुस्थानात आले नाहीत. त्यांना येथे वाट पुसण्याची वेळच आली नाही.

वाट पुसण्याची आमच्या फोंड्याची तऱ्हा निराळी. घाट चढून दाजीपूर, राधानगरीकडे जाणारा पाहुणा स्टँडावर थांबून काही विचारू लागला, तर उत्तराआधी त्यालाच प्रश्न येतो, “कोणाकडे जावचा?” मग गाव, आडनाव, कोणाचे कोण, एवढे सगळे निघाल्यावर कोणीतरी हातातले काम टाकून वळणापर्यंत सोबत जातो. जर्मन पुस्तकातील गृहस्थ सांगतो, सरळ जा, दुसऱ्या रस्त्याला उजवीकडे वळा. आभार मानले की संवाद संपला. अनोळखी माणसास ‘झी’ म्हणजे ‘आपण’ म्हणावयाचे, ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हटल्यास उद्धटपणा होतो, एवढी अदब तेथे आहे. पण कोणाची कोण, हे कोणी पुसत नाही. दादांना नेमके हेच खुपते. पोरगी म्हणाली, “नाना आजोबा, तिथे मला ‘तू कोणाची’ म्हणून कोणी विचारणार नाही, हेच बरे नाही का?” आम्ही हसलो. दादा हसले नाहीत, उठून देवघरात गेले.

वाट कळली तरी गाडीची वेळ कळली पाहिजे, आणि येथे मराठी माणूस हमखास फसावा अशी गोम आहे. ‘हाल्प फीअर’ म्हणजे शब्दशः अर्धे चार. आपण त्याचे साडेचार करणार आणि गाडी तासापूर्वी गेलेली असणार, कारण त्यांचे ते साडेतीन! तिसरा तास पुरा होऊन चौथा अर्धा भरला, असा हिशेब. हा हिशेब आपल्याला परका म्हणावा तर तोही नाही. संस्कृतात अडीचला ‘अर्धतृतीय’ म्हणतात, तिसरा ज्यात अर्धा आहे असे. आपले ‘अडीच’ त्याचेच झिजलेले रूप. बाडेन-वुर्टेंबर्गच्या पुष्कळ भागांत तर पावणेचारला ‘ड्राइफीर्टेल फीअर’, म्हणजे पाऊण चार, म्हणण्याची रीत आहे. आकडेही त्यांचे आपल्यासारखे, आधी एकक मग दशक. एकवीसला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात. ट्रामचा क्रमांक ऐकताना पोरीला याचा फार उपयोग होईल.

परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. उत्तीर्ण झाली तरी परिचारिकेला पुढची वरची परीक्षा द्यावी लागतेच, त्यामुळे निघावयास अद्याप अवकाश आहे. दादांनी होकार दिलेला नाही, नकारही बरेच दिवसांत उच्चारलेला नाही. परवा एकादशी पाहण्याकरिता आम्ही पंचांग उघडले, तो शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी दिसल्या: ‘तेथे दुपारी साडेतीन. येथे उन्हाळ्यात सायंकाळी सात, हिवाळ्यात रात्री आठ.’ आम्ही पंचांग मिटून जागच्या जागी ठेविले. रात्री पाने मांडली जात असता दादांनी नातीला विचारले, “त्या साडेतीनला काय म्हणतात म्हणालीस?”

“हाल्प फीअर, आजोबा.”

“पुन्हा म्हण,” दादा म्हणाले.