अनामत

आमच्या घराण्याचा व्यापार तांदळाचा. कामशेतच्या बाजारपेठेतील दुकान आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. याखेरीज आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची थोडी जमीन आहे. तेथे माझ्या पतींनी व दिरांनी चार वर्षांपूर्वी दोन साध्या निवासशाळा बांधल्या आणि दोन दिवसांची आरोग्य शिबिरे सुरू केली. पहाटेचे प्राणायाम, डोंगरवाटेने पदभ्रमण, काही तासांचे मौन आणि सूर्यास्तापूर्वी सात्त्विक भोजन, एवढाच कार्यक्रम. मी विवाहापूर्वी पुण्यात संगणकाची नोकरी केलेली. म्हणून शिबिरांचे संकेतस्थळ आणि तिकीटविक्रीची व्यवस्था उभारण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणतो, त्यांचा पहिला प्रश्न होता, “बेटा, तिकीट विकायचे ते नेमके कशाचे?” प्रश्न रास्त होता. आमच्याच मावळात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक काढले. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात शिबिराचे शुल्क घेतच नाहीत. आधीच्या साधकांच्या दानावर पुढच्यांची व्यवस्था होते. मग आम्ही कशाचे पैसे घेणार? विचारांती ठरले की ध्यानाचे मोल लावायचे नाही; निवास, भोजन आणि शिक्षकांचे मानधन यांचा हिशेब मांडून तेवढेच शुल्क घ्यायचे. तो हिशेब संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर लिहिला. माणशी 2,400 रुपये.

त्याआधी नोंदणी दूरध्वनीवर चाले. एक वही माझ्या पतींकडे, एक दिरांकडे, आणि काही नावे केवळ माझ्या स्मरणात. एका शिबिरास खाटा 36 आणि माणसे आली 41. पाच पाहुण्यांना आम्ही स्वयंपाकघरालगतच्या पडवीत झोपवले. कोणी रागावले नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

नवी व्यवस्था करताना मुख्य काळजी हीच होती. कोणी जागा निवडली की ती दहा मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवायची. त्या अवधीत पैसे न आल्यास पुन्हा खुली करायची. पैसे मिळाल्याची खात्री ग्राहकाच्या पडद्यावरून करायची नाही. देयक सेवेकडून आमच्या संगणकाकडे थेट निरोप यावा लागतो. कारण खात्यातून रक्कम वजा होते आणि त्याच क्षणी ग्राहकाचा संपर्क तुटतो, असे पुष्कळदा घडते. टाकव्याच्या पुढे तर मोबाईलचा संपर्क पावलोपावली जातो. म्हणून कान्हे फाट्यावरून आत वळण्यापूर्वीच नावांची यादी फोनमध्ये उतरवून घ्यायची आणि क्यूआर कोड संपर्काविना तपासता येईल अशी सोय करायची. शिवाय छापील यादी सोबत असावी, हा आग्रह बाबूजींचा. त्यांच्या कागदाने आम्हांला दोनदा तारले.

व्यवस्था तयार झाली त्या संध्याकाळी मी ती बाबूजींना दाखवली. विकत घेतलेल्या तयार साच्यावर मी ती बेतली होती. पडद्यावर तांबड्या अक्षरांत झळकत होते, ‘फक्त 3 जागा शिल्लक!’

“खरोखर तीनच आहेत?” बाबूजींनी विचारले.

“नाही, अजून विक्री सुरूच झालेली नाही. असे लिहिले की लोक लवकर नोंदणी करतात.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. खाली आणखी एक चौकट होती. जीवदयेसाठी 50 रुपये देणगी, आणि त्यावर खूण आधीच केलेली. हे मात्र साच्यातले नव्हते. पुण्याचे काम म्हणून मीच ते घातले होते.

“देणाऱ्याने न देता घेतलेले, त्यास दान कसे म्हणावे?” एवढेच ते म्हणाले आणि स्वाध्यायासाठी आत निघून गेले.

मी खजील झाले. त्या रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय उघडला. लहानपणी पाठशाळेत घोकलेले सत्याणुव्रताचे पाच अतिचार पुन्हा वाचले, आणि जणू ते माझ्याच कामाची तपासणी करीत आहेत असे वाटले. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. माझी तांबडी अक्षरे दुसरे काय होती? रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे. मी तर शिबिरार्थींचा रक्तदाब, मधुमेह, औषधे यांची माहिती भरून घेऊन ती यादी घरातील सर्वांच्या फोनवर धाडत होते. आणि न्यासापहार म्हणजे ठेव गिळणे. ठेवणारा विसरून कमी मागू लागला तर ‘हो, एवढीच होती’ असे म्हणून उरलेली ठेवून घेणे, हाही त्यातच येतो. हा तिसरा शब्द तेव्हा मी वाचून सोडून दिला.

पहिल्या दोन चुका दुसऱ्याच दिवशी सुधारल्या. शिल्लक जागांचा आकडा आता प्रत्यक्ष नोंदींतून येतो. वीस असतील तर वीस दिसतात. देणगीची चौकट रिकामी असते. आरोग्याची माहिती केवळ शिक्षक पाहतात आणि शिबिर संपताच ती पुसली जाते. पुढे वाचनात आले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी निकड भासवणे आणि न विचारता खरेदीत भर घालणे या दोन्ही त्यांत आहेत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. आपल्या श्रावकाचारात या गोष्टी केव्हाच सांगून ठेवल्या आहेत, हे मला राजाज्ञा निघाल्यावर उमगले, याचे वाईट वाटते.

खरी कसोटी पुढे होती. चातुर्मासात आम्ही शिबिरे घेत नाही. त्यामुळे ज्येष्ठातील शिबिर हे हंगामातील शेवटचे. 34 जणांची नोंदणी झाली होती. आदल्या दिवशी पावसाने असा जोर धरला की ओढ्याचे पाणी रस्त्यावर आले. शिबिर रद्द करणे भाग पडले. भाजीपाला येऊन पडला होता, आचाऱ्यास आगाऊ रक्कम दिली होती आणि त्याच आठवड्यात निवासशाळेच्या कर्जाचा हप्ता होता. संकेतस्थळावर अट होती, ‘कोणत्याही कारणास्तव शुल्क परत मिळणार नाही.’ ती मीच कुठूनशी उचलून घातली होती. प्रत्येकाने त्या अटीपुढे खूण केलेली होती. दीर म्हणाले, “वहिनी, नियमाने आपण मोकळे आहोत.” माझ्या पतींनी निम्मी रक्कम परत करण्याचे सुचवले. 81,600 रुपयांचा प्रश्न होता आणि मीही मनातून निम्म्यावर राजी होते.

बाबूजींनी दुकानातील जुनी खतावणी मागवली. तिच्यात ‘अनामत’ नावाचे एक पान असे. शेतकरी बाजारातून परतताना रक्कम ठेवून जात, कधी वर्षभर नेत नसत. “या पानावरची रक्कम आपल्या वडिलांनी कधी घरखर्चास लावली नाही,” ते म्हणाले. “माल दिला नाही, तोवर पैसा आपला नाही. खूण कोणी कुठेही केलेली असो.”

सर्वांचे पूर्ण पैसे परत केले. देयक सेवेचे शुल्क आमच्या माथी बसले, हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून भरला. ती अट काढून तिच्या जागी लिहिले, ‘शिबिर आम्ही रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत.’

तेहतीस जणांची रक्कम पोहोचली, एक परत आली. त्या भगिनीचे खाते बंद झाले होते, दूरध्वनी लागत नव्हता, पत्त्याची नोंद आम्ही घेतलेली नव्हती. अजून शोध लागलेला नाही.

शेजारच्या नाणे मावळात पाले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. आरंभीच्या अरहंतांच्या वंदनामुळे ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो जैन परंपरेचा मानला. त्यात इतकेच आहे की भदंत इंदरखिताने आपल्या सहकाऱ्यांसह लेणे आणि पाण्याची पोढी करविली. जे केले तेवढेच लिहिले. पडद्यावरचा लेख क्षणात पुसता येतो, म्हणून तो कमी खरा असावा असे नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला बाबूजींनी नव्या वहीत ‘अनामत’ हे पान घातले आणि पहिली ओळ माझ्याकडून लिहून घेतली, 2,400 रुपये. नाव येथे छापणे योग्य नव्हे. परंतु गेल्या ज्येष्ठात आंदर मावळातील रद्द झालेल्या शिबिराचे पैसे ज्यांना मिळाले नाहीत, त्या भगिनी कदाचित या अंकाच्या वाचक असतील. आपली रक्कम जपून ठेवलेली आहे. कधीही घेऊन जावी.